रुस्तिको मानसिंगराव

मानसिंग जगदाळेला पाच परदेशी भाषा येत होत्या. म्हणजे तो तसं सांगायचा, आणि नेरूळच्या त्याच्या सोसायटीत त्याला खोटं पाडायला कोणी इटालियन राहत नव्हता. खरं पाहता त्याला प्रत्येक भाषेतले चाळीसेक शब्द येत होते, आणि तेही सगळे सामानाचे. लादी, नळ, दिवा, खुर्ची, खोका, नग, 'जपून उचला'. पंचवीस वर्षं न्हावा शेवाच्या बंदरात एका क्लिअरिंग एजंटाकडे कागद हलवल्यावर एवढे शब्द कोणालाही येतील. कंटेनर येतो, आत काय आहे त्याची यादी येते, ती यादी हातात धरून कस्टमच्या साहेबासमोर उभं राहायचं आणि आत लाद्याच आहेत असं पटवून द्यायचं, ही त्याची नोकरी. पण घरी मुलीला शेजारी बसवून तो सांगे की आपल्याला इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज, फ्रेंच आणि रोमानियन समजतं. रोमानियनचं नाव घेताना आवाज जरा खाली यायचा, कारण त्या देशातून त्याच्या हयातीत दोनच कंटेनर आले होते.

या दोनशे शब्दांतला एक शब्द त्याच्या फार जिवाभावाचा. इटलीच्या लाद्यांच्या खोक्यावर तो 'रुस्तिको' असा छापून यायचा. स्पेनच्या लाकडी बाकांवरही रुस्तिकोच. पोर्तुगालच्या मातीच्या भांड्यांवर अक्षरं तीच, पण तिथले लोक म्हणे 'रुश्तिकु' म्हणतात. फ्रान्सच्या दिव्यांवर 'रुस्तीक', आणि त्या दोन रोमानियन कंटेनरांतल्या खुर्च्यांवर शेपूट तोडलेलं 'रुस्तिक'. देश पाच आणि शब्द एकच, हे काय गौडबंगाल आहे म्हणून त्याने एकदा एका म्हाताऱ्या पारशी सर्व्हेअरला विचारलं. हा गृहस्थ फुटलेला माल मोजायला यायचा, पण मालापेक्षा बोलण्यात जास्त रमायचा. त्याने सांगितलं की या पाचही भाषा लॅटिनच्या लेकी. लॅटिनमध्ये शेतशिवाराला, गावाकडच्या रानाला 'रुस' म्हणायचे, त्यावरून 'रुस्तिकुस', म्हणजे शेतावरचा माणूस. शहरातल्या लोकांनी तो म्हणून म्हणून त्याचा अर्थ अडाणी, गावठी असा करून टाकला. आता तोच शब्द खोक्यावर छापून श्रीमंतांना माल विकतात, असं म्हणून म्हातारा पोट धरून हसला. मानसिंगने या सगळ्यातला मधला तुकडा तेवढा उचलला आणि खिशात घातला.

का उचलला, तेही सांगायला हवं. मानसिंग साताऱ्याकडचा, माण तालुक्यातला. वडील वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. पाठीवर पोती वाहून त्यांनी याला बी.कॉम. केलं. लोकांनी विचारलं की मानसिंग म्हणायचा, वडील मार्केटला असतात, आणि ऐकणाऱ्याने व्यापारी समजावं अशी सोय ठेवायचा. नोकरीच्या पहिल्या दिवशी साहेबाच्या एसी केबिनमध्ये जायचं होतं. काचेचं दार, आतून गार वारा, चकचकीत लादी. मानसिंगने चपला दाराबाहेर काढल्या आणि अनवाणी आत गेला. हेडक्लार्क धर्मराज सगळ्या ऑफिससमोर म्हणाला, "काय रे, देऊळ वाटलं काय? गावठी कुठला." त्यानंतर सहा वर्षं ऑफिसात त्याला मानसिंग म्हणून कोणी हाक मारली नाही. चहावालासुद्धा 'गावठीचा कटिंग' म्हणून ग्लास पुढे करायचा. हा घाव खोल होता, त्यात वाद नाही. पण आपल्याला झालेल्या घावावर दुसऱ्याला तोच घाव घालणं हा इलाज मानसिंगने शोधला, आणि तो परदेशी भाषेत घालायचा, म्हणजे समोरच्याला रक्तही दिसत नाही.

झालं, सुरू केलं त्याने. जेवताना भुरके मारणारा 'रुस्तीक'. लिफ्टमध्ये मोबाईलवर ओरडून बोलणारा 'रुस्तिको'. सासरची माणसं सरसकट 'रुश्तिकु'. आणि ज्याच्या सुधारण्याची आशाच उरली नाही, त्याला रोमानियन. बायको सुनयना म्हणायची, अहो, एकच शिवी पाच प्रकारे देण्यापेक्षा पाच शिव्या तरी शिका. त्याला ते लागायचं नाही. रविवारी सेक्टरच्या बाजारातून हाच माणूस घासाघीस न करता गावठी अंडी आणायचा आणि गावठी कोंबडीच पाहिजे म्हणून खाटकाशी भांडायचा. कोंबडीच्या बाबतीत त्याची तक्रार नव्हती, ती फक्त माणसांच्या बाबतीत होती.

सगळ्यात जास्त हा शब्द कोणाच्या वाट्याला आला असेल, तर सख्ख्या भावाच्या. सयाजी गावी शेती बघायचा आणि फोनवर गावचं सगळं सांगायचा, गाय व्याली, विहिरीला पाणी लागलं, अमक्याच्या बांधावरून मारामारी झाली. मानसिंग दोन मिनिटं ऐकायचा आणि म्हणायचा, "बरं बरं, रुस्तिको, ठेव आता." सयाजीने एकदा विचारलं, दादा, हे काय म्हणतोस रं? तर मानसिंगने सांगितलं, तिकडे इटलीत धाकट्या भावाला लाडाने म्हणतात. आई वेणूबाई वर्षातून एकदा यायची, हुलग्यांचं गाठोडं आणि शेंगांची पिशवी घेऊन. तिला तो सामानाच्या लिफ्टने वर न्यायचा, शेजाऱ्यांनी बघू नये म्हणून, आणि गाठोडं उचलताना तोंडातल्या तोंडात तो शब्द म्हणायचा. आई काही विचारायची नाही. विचारणार काय, तिला कुठे इटालियन येत होतं, असं मानसिंगचं गणित.

तर अशा या बहुभाषी माणसाच्या मुलीने, उत्कर्षाने, लग्न ठरवलं ते नेरूळ गावातल्या दिपेश भोपीशी. उत्कर्षा फिजिओथेरपिस्ट. दिपेश रबाळेच्या एका कारखान्यात इंजिनिअर, खांदा धरला म्हणून तिच्याकडे आला आणि खांदा सुटला तरी येत राहिला. मुलगा शांत, शिकलेला, नाव ठेवायला जागा नाही. मानसिंगला जागा सापडली. ही इथली जुनी आगरी मंडळी, त्यांच्या जमिनीवर तर हे सगळं शहर उभं, म्हणजे आपण भाडेकरू म्हणा ना यांचे. पण मानसिंगला दिसायच्या फक्त गळ्यातल्या साखळ्या, हळदीचा डीजे आणि चौकाचौकातले बॅनर. जात असं तो कधी म्हणत नसे, 'कल्चर' म्हणायचा. आठवडाभर त्याने घरात कल्चर कल्चर केलं. शेवटी सुनयनाने विचारलं की तुमचं कल्चर नक्की कुठल्या बंदरात उतरलं ते सांगा, म्हणजे सोडवून आणू. मग तो मुकाट्याने भोप्यांच्या घरी जेवायला जायला तयार झाला.

दिपेशचे वडील गोटीराम भोपी. एके काळी मिठागरावर मीठ गोळा करायचं लाकडी फळं ओढलेला माणूस, आता गावातली चार मजली इमारत त्याची, शिवाय आणखी दोन-चार बांधून झालेल्या. पांढरा सदरा, बोलणं कमी. त्याची बायको सरस्वती मात्र बोलायला खमकी. तिने त्या दिवशी हात राखून काही केलं नव्हतं. तांदळाच्या भाकऱ्या, गावठी कोंबडी, आणि मधोमध पातेलंभर चिंबोऱ्या, खाडीतल्या, सकाळी आणलेल्या. गोटीराम खाली मांडी घालून बसला, एक नांगी उचलली, दाताखाली फोडली आणि चोखली. मानसिंगने चमचा मागितला. चमच्याने चिंबोरी खाता येत नाही, हे जगात सगळ्यांना ठाऊक आहे. नांगी निसटली, रस्सा उडाला, त्याच्याच सदऱ्यावर लाल डाग पडला. मानसिंगचं डोकं फिरलं. तो उत्कर्षाकडे झुकला आणि पुटपुटला, "रुस्तिको. सगळं खानदान रुस्तिको." नेमका त्याच क्षणी पंखा बंद पडला, लाईट गेली होती, आणि शब्द खोलीभर स्वच्छ ऐकू गेला.

सरस्वतीने भाकरी वाढता वाढता हात थांबवला आणि विचारलं, काय बोललात भाऊ, आमाला नाय समजला. मानसिंगच्या तोंडचं पाणी पळालं. पण पंचवीस वर्षं कस्टमच्या साहेबांसमोर तोंड चालवलेला माणूस तो. म्हणाला, इटालियन शब्द आहे वहिनी, तिकडे जुन्या, मोठ्या मनाच्या घराण्यांना म्हणतात. म्हणजे खानदानी. सरस्वतीचा चेहरा फुलला. तिने तो शब्द दोनदा घोळवून म्हणून बघितला.  गोटीरामने मानसिंगकडे जरा वेळ पाहिलं आणि दुसरी नांगी उचलली.

उत्कर्षाने मात्र जेवण तिथेच टाकलं. लहानपणापासून तिने हा शब्द ऐकला होता, पाचही उच्चारांत. घरी आल्यावर ती बॅग खाली न ठेवताच बोलली.

"पप्पा, तुम्ही ज्यांना ज्यांना हा शब्द म्हणालात, त्यांना त्यांना त्याचा खरा अर्थ सांगायचा. तुमच्या तोंडाने. हळद लागायच्या आत. नाही सांगितलात, तर कन्यादानाला तुम्ही बसणार नाही. सयाजीकाका आणि काकू बसतील."

मानसिंगला वाटलं, चिडली आहे, दोन दिवसांत उतरेल. दोन दिवसांनी तिने सयाजीला फोन करून तयारीत राहायला सांगितलं. तेव्हा मात्र मानसिंगला कळलं की ही खरंच तसं करणार. इतर गोष्टींत हा माणूस कितीही पोकळ असो, मुलीवर त्याचा जीव होता. ती जन्मली त्या दिवशी दवाखान्यात तिची मूठ त्याने बोटात धरली होती, आणि हा हात एक दिवस आपणच कोणाच्या तरी हातात देणार, हे तेव्हापासून त्याच्या मनात होतं. त्या दिवसासाठी त्याने रेशमी कुडता शिवून ठेवला होता. आता तिथे सयाजी बसणार. तो सयाजी, जो मोजे घालून सँडल घालतो.

तर सांगायला गेला. पहिल्यांदा गेला तेव्हा भोप्यांकडे लग्नासाठी पार्किंगची जमीन नव्याने करणं चाललं होतं. मिस्त्री लाद्या बसवत होते, गोटीराम स्वतः दोरी धरून उतार बघत होता. बसा म्हणाला. खुर्ची नव्हती, मानसिंग लाद्यांच्या एका खोक्यावर रुमाल टाकून बसला. अर्धा तास बसला. उकाड्याबद्दल बोलला, पाण्याच्या दाबाबद्दल बोलला, पामबीच रोडच्या सिग्नलबद्दल बोलला, आणि चहा पिऊन उठून आला. दुसऱ्यांदा फोन केला, तो सरस्वतीने उचलला. त्याने घसा साफ करेपर्यंत तिनेच सांगितलं की दारावर पितळी पाटी करायला टाकली हाय, 'रुस्तिको भोपी परिवार', फोटो पाठवते, स्पेलिंग बरोबर हाय ना बघा. मानसिंगने स्पेलिंग बघून दिलं. सांगा आता, काय करावं या माणसाला.

तिसऱ्यांदा जायच्या आधी पत्रिका आली. वर कुलदैवत, खाली सोनेरी अक्षरांत 'रुस्तिको घराण्याचे सुपुत्र'. सुनयनाने ती हातात घेतली, वाचली आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं. ती हसतेय का रडतेय, ते मानसिंगला बाहेर कळेना.

आणि मग बॅनर लागला. नेरूळ स्टेशनजवळच्या चौकात, वीस फुटी. मधे दिपेश आणि उत्कर्षा, भोवती गॉगल लावलेले पन्नास शुभेच्छुक, डोक्यावर 'रुस्तिको परिवारात मंगलकार्य'. एवढंच असतं तर चाललं असतं. उजव्या कोपऱ्यात मानसिंगचा फोटो होता, सोसायटीच्या पूजेतला, हात जोडलेला. खाली लिहिलं होतं, 'वधूपिता रुस्तिको मानसिंगराव'. व्याह्यांना मान द्यायचा म्हणून सरस्वतीने तीच पदवी त्यालाही बहाल केली होती. त्याच्या कंपनीची बस त्याच चौकातून सुटते. इटलीचे खोके हाताळणारं अख्खं न्हावा शेवा त्या चौकातून जातं. बसमध्ये त्या दिवशी सगळे खिडकीबाहेर बघत होते. दुपारी निवृत्त हेडक्लार्क धर्मराजचा फोन आला. म्हणाला, मानसिंग, पंचवीस वर्षांपूर्वी मी म्हणालो तर केवढा राग आला होता तुला. आता स्वतःच फोटोखाली लिहून घेतलंस होय? चांगलं केलंस, मन हलकं होतं.

गावाकडून माणसं यायला लागली. वेणूबाई आठवडाभर आधी आली, आणि पहिल्याच दिवशी भोप्यांकडे गेली ती तिकडचीच झाली. मानसिंगच्या सातव्या मजल्यावर तिचा जीव रमायचा नाही, आणि सरस्वतीच्या ओट्यावर बसायला, निवडायला, बोलायला बायका होत्या. माणदेशी आणि आगरी, एकीचं दुसरीला अर्धंच कळायचं, पण दोघींचं तोंड बंद नसायचं. सयाजीही आला, कुटुंबासकट, कन्यादानासाठी नवं धोतर घेऊन. मानसिंगने ते धोतर पाहिलं आणि कपाटातल्या रेशमी कुडत्याची घडी पुन्हा एकदा नीट केली.

हळदीच्या दिवशी सकाळी तो भोप्यांच्या दारात उभा राहिला. वर बायका हळदीची गाणी म्हणत होत्या. धवले, म्हणजे आगऱ्यांची लग्नगाणी, गाणारी एक म्हातारी आली होती, आणि तिने गाण्यातही तो शब्द बसवला होता, 'रुस्तिकोंचे दारी हळद दलू' असं काहीतरी. मानसिंगने कान बंद केले असते, पण गोटीराम समोरच होता, पार्किंगमध्ये, मांडवाच्या बांबूपाशी. मानसिंग गेला आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. शब्दाचा अर्थ खानदानी नाही. शब्दाचा अर्थ गावठी, अडाणी. मी तुम्हाला शिवी दिली होती, आणि भीतीने खोटं बोललो. 

गोटीरामने बांबूची दोरी बांधून पूर्ण केली. मग कोपऱ्यात उरलेला लाद्यांचा खोका पायाने पुढे सरकवला आणि त्याची बाजू फिरवून दाखवली. इंग्रजीत मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'रस्टिक'.

"मागच्या टायमाला तुमी याच्यावरच बसलेले," गोटीराम म्हणाला. "तीस वर्सं बिल्डिंगी बांधतोय मी. रस्टिक काय हाय ते मला कोनी शिकवायचा? गावातला कंचाबी मिस्त्री सांगंल. पार्किंगला, मोरीला, संडासला, आमी हीच लादी लावतो."

 मानसिंगने विचारलं, वहिनींना माहीत नाही ना? गोटीराम पहिल्यांदाच हसला. त्याच रात्री मी तिला अर्थ सांगितला, मग पाटी, पत्रिका, बॅनर, सगळी आयडिया तिचीच, असं त्याने सांगितलं. ती बोलली, ज्याचा शब्द हाय त्यालाच रोज वाचू दे. फोटोपन तिनेच टाकायला लावला.

"आनि का लावतो ती लादी, म्हाईत हाय?" गोटीराम जाता जाता म्हणाला. "हॉलमधली गुलगुलीत असते, दिसायला भारी. पन तिच्यावर मानूस पडतो. हिच्यावर पाय घसरत नाय."

मानसिंगला केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू. व्याही रागावला नाही, लग्न मोडलं नाही, उलट आपण मोठ्या मनाने कबुली दिली, असं त्याला वाटायला लागलं. अंगण ओलांडेपर्यंत त्याची मान परत ताठ झाली होती. हळद दोघांची एकत्र, भोप्यांकडेच होती, आणि वरच्या खोलीत उत्कर्षा हातावरची मेंदी सुकवत बसली होती. त्याने दारातूनच सांगितलं, सांगितलं बरं का मी, स्पष्ट सांगितलं.

उत्कर्षाने विचारलं, "आजीला सांगितलंत? काकाला?"

आता बघा, या माणसाच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. ज्यांना ज्यांना, असं ती म्हणाली होती, आणि याने हिशेबात धरले होते फक्त भोपी. घरच्यांना जे बोललो तेही मोजायचं असतं, हेच त्याला ठाऊक नव्हतं. तो जिना उतरला तो सावकाश.

ओट्यावर पंधरा बायका लसूण सोलत होत्या. वेणूबाई त्यांच्यात बसली होती, मांडीवर परात घेऊन. मानसिंग तिच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, आई, मी तुला एक शब्द म्हणायचो, लिफ्टमध्ये, गाठोडं उचलताना.  वेणूबाईने पाकळी सोलून परातीत टाकली.

"ठाव हाय मला," ती म्हणाली.

कोणी सांगितलं, उत्कर्षाने? त्याने विचारलं.

"कुनी सांगाय कशाला पायजे. शब्द न्हाई कळला मला. आवाज कळत हुता. मार्केटातला मुकादम तुज्या बापाला असाच बोलायचा. त्यो घरी येऊन न जेवता पडायचा, आन् म्हनायचा, माजं पोर शिकलं की ह्यो आवाज आपल्या घरात येनार न्हाई."

मानसिंगला रडू फुटलं. खरं रडू, आणि तेही व्याह्यांच्या ओट्यावर, पंधरा बायकांच्या देखत. पाच भाषांतला एकही शब्द त्याच्या मदतीला आला नाही. सरस्वतीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि लसणाची एक परात त्याच्याकडे सरकवली. रडायचंच आहे तर कामाचं रडा, असा त्याचा अर्थ असावा. मानसिंग लसूण सोलत बसला. थोड्या वेळाने वेणूबाई म्हणाली की पोरीचा हात तूच दे, ती तुजी पोर हाय, पर सयाजीला शेजारी बसीव, एकट्याला मान नको.

सयाजीला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. तो मांडवाच्या मागे खुर्च्या उतरवत होता. मानसिंगने अर्थ सांगितला, आणि हेही सांगितलं की इटलीत धाकट्या भावाला असं कोणीही म्हणत नाही. सयाजीने हातातली खुर्ची खाली ठेवली आणि बराच वेळ तिच्या पाठीवरची धूळ पुसत राहिला.

"मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मागं रंगवून घेतलाय त्यो शब्द," तो म्हणाला. "मोठ्या अक्षरांत. समद्या तालुक्याला सांगितलंय, माजा दादा मला ह्या नावानं हाक मारतो." मग थांबून त्याने विचारलं, "पुसून टाकू का?"

 उत्तराची वाट न बघता त्याने मानसिंगच्या खांद्यावर हात ठेवला, आणि खुर्च्या उतरवायला एक माणूस कमी आहे असं सांगितलं. मानसिंगने सदऱ्याच्या बाह्या वर केल्या.

दुसऱ्या दिवशी कन्यादानाला दोघे भाऊ शेजारी शेजारी बसले. उत्कर्षाचा हात मानसिंगने दिला, आणि पाण्याची धार सयाजीने धरली. धार जरा वाकडी पडली आणि मानसिंगच्या रेशमी कुडत्यावर सांडली. त्याने काहीही म्हटलं नाही, कुठल्याच भाषेत. सुनयनाने हे पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या स्वतःच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, त्यात तिने त्याला गप्प बसलेलं क्वचितच पाहिलं होतं.

बॅनर मात्र चौकात राहिला. लग्न झाल्यावर महिनाभर तो कोणी उतरवला नाही, उलट शेजारच्या गल्लीतल्या एकाने आपल्याही मुलाच्या लग्नाला हाच शब्द टाकू का म्हणून गोटीरामला विचारलं. मानसिंग रोज सकाळी त्याच्याखाली बसची वाट बघत उभा राहायचा. एके दिवशी रांगेतल्या एका नव्या माणसाने वर बघून विचारलं, साहेब, हे रुस्तिको म्हणजे काय हो? मानसिंगच्या जिभेवर जुनं उत्तर आलं होतं. खानदानी. नुसतं सोडायचं होतं.

"गावठी," तो म्हणाला.

त्या माणसाने कोपऱ्यातल्या फोटोकडे पाहिलं, मग मानसिंगकडे, मग परत फोटोकडे. "आणि हे खाली आहेत ते तुम्हीच ना?"

"मीच," मानसिंग म्हणाला, आणि बस आली म्हणून पुढे सरकला.